गोल कडेचं काय करायचं?

पंप, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टर असं काही विकत घेतलं की सोबत एक पार्ट्स कॅटलॉग येतो. त्यात गिअरबॉक्सचे सगळे सुटे भाग एका तिरक्या रेषेवर ओळीने सुटून हवेत उभे असतात, प्रत्येकाला बारीक रेघ ओढून नंबर दिलेला असतो आणि शेजारी तक्ता. ही चित्रं कोणीतरी काढत असतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. पुण्यात बसून गेली कित्येक वर्षं मी तेच करते आहे. नातेवाइकांना मी "मशीनची चित्रं काढते" एवढंच सांगते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण आता ते सगळं कॉम्प्युटरच काढत असेल ना?"

काढतो की. कंपनीकडून कॅड मॉडेल, म्हणजे त्या भागाचं संगणकातलं त्रिमितीय रूप, तयारच येतं, कोन ठरवायचा, बटण दाबायचं, रेषाचित्र हजर. मग त्यावर माझा अर्धा दिवस कुठे जातो, हे लग्नाच्या पंगतीत समजावता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी एक शंका मिटवून टाकते. सरळ फोटो का छापत नाहीत? कारण काळ्या कास्टिंगचा (ओतीव लोखंडी भागाचा) फोटो छापला की त्यात काळाच दिसतो. आणि हे कॅटलॉग गॅरेजमध्ये जातात, तिथे झेरॉक्सची झेरॉक्स निघते, त्यावर ऑइलचे अंगठे उमटतात. एवढ्यातूनही जे वाचता येतं ते रेषेचं चित्र. शिवाय फोटो यायला वस्तू तयार असावी लागते, आणि कॅटलॉग मात्र मशीन बाजारात यायच्या आधी छापून हवा असतो.

मी शिकले ते ट्रेसिंगवर. अप्लाइड आर्टचा डिप्लोमा झाला आणि चिंचवडमधल्या एका लहानशा स्टुडिओत लागले. टेबलावर गेटवेचा ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं (रेघेची जाडी मिलिमीटरमध्ये ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७), आयसोमेट्रिक लंबवर्तुळांची हिरवी प्लॅस्टिकची पट्टी, आणि चुकीची रेघ खरवडायला अर्धं ब्लेड. पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी जाड-बारीकचा नियम सांगितला. कडेच्या दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग दिसत असतील तर बारीक पेन. एकच दिसत असेल आणि दुसरा पलीकडे वळलेला असेल तर जाड पेन. बस. एक काड्यापेटी तिरकी धरून पाहा. नऊ कडा दिसतात. बाहेरून फिरणाऱ्या सहा जाड, आणि आपल्याकडच्या कोपऱ्यात एकत्र येणाऱ्या तीन बारीक. एवढं केलं की पेटी कागदावरून उचलून घ्यावी अशी दिसते. सगळ्या सारख्या जाडीच्या काढल्या की नुसता षटकोन आणि त्यात तीन रेघा.

खरी परीक्षा भोकाची. लोखंडी प्लेट वरून तिरकी बघतोय, तिला आरपार गोल भोक आहे. भोकाच्या पलीकडच्या काठापाशी प्लेटचा वरचा भागही दिसतो आणि भोकाची आतली भिंतही, म्हणजे बारीक. अलीकडच्या काठाची भिंत आपल्याकडे पाठ करून असते, ती दिसत नाही, म्हणजे जाड. एकाच लंबवर्तुळाचा अर्धा भाग एका पेनने, अर्धा दुसऱ्या पेनने, आणि सांधा कळता कामा नये. उलट झालं की भोकाचा उंचवटा होतो. सर लांबून नुसती नजर टाकून ओळखायचे.

पुढे संगणकावर आले आणि हे काम त्रिमितीय मॉडेलवरून आपोआप कसं होतं ते वाचायला लागले, तेव्हा गंमत वाटली. मॉडेलचा पृष्ठभाग म्हणजे हजारो त्रिकोण. प्रत्येक त्रिकोणाची एक लंब दिशा. ती दिशा डोळ्याच्या बाजूला आहे की उलट, एवढं गणित करायचं. उत्तर धन किंवा ऋण. ज्या कडेच्या एका बाजूला धन त्रिकोण आणि दुसऱ्या बाजूला ऋण, ती बाह्यरेषा. हा तर सरांचाच नियम! एक पृष्ठभाग आपल्याकडे, दुसरा पलीकडे. त्यांनी आयुष्यात व्हेक्टर हा शब्द तोंडातून काढला नसेल, पण नियम तंतोतंत तोच.

यात एक गोष्ट मला अजून मोहवते. साध्या पाइपचं मॉडेल घ्या. त्याला दोन टोकांना दोन गोल कडा आहेत, त्या मॉडेलमध्ये नोंदलेल्या आहेत. पण चित्रात पाइपच्या दोन बाजूंना ज्या दोन सरळ रेघा येतात त्या मॉडेलमध्ये कुठेच नाहीत. पाइप त्या जागी तितकाच गुळगुळीत आहे जितका इतरत्र. पाइप जरा फिरवा, आपण जरा सरका, त्या रेघा पाइपवरून सरकून दुसरीकडे जातात. वस्तूच्या काही रेषा वस्तूच्या मालकीच्या असतात आणि काही बघणाऱ्याच्या. जाड पेन बहुतेक वेळा बघणाऱ्याच्या रेषांवर चालतं.

झाकलेल्या रेषा पुसण्याचा प्रश्न तसा जुना. लॉरेन्स रॉबर्ट्सने १९६३ साली एमआयटीच्या प्रबंधात त्याची पहिली रीत दिली. १९६७ साली आयबीएममधल्या आर्थर अपेलने एक शक्कल काढली, ती मला हुशारीची वाटते: रेषेवरून चालत जायचं आणि आपल्या आणि डोळ्याच्या मध्ये किती पृष्ठभाग आहेत ते मोजत राहायचं. शून्य असेल तर रेषा दिसते. आणि हा आकडा वाटेत कुठेही बदलत नाही, तो बाह्यरेषेच्या मागून जातानाच बदलतो. म्हणजे प्रत्येक बिंदूला पुन्हा मोजायची गरज नाही, ओलांडणी आली की एक मिळवा किंवा एक वजा करा. याच अपेलने १९७९ साली दोन सहकाऱ्यांबरोबर आणखी एक काम केलं: मागची रेषा पुढच्या रेषेखालून जाते तिथे दोन्ही बाजूंना थोडी फट सोडायची. हायड्रॉलिकच्या होजचा जुडगा काढायचा असला की आम्ही ट्रेसिंगवर हेच करायचो. फट सोडली नाही तर कोणती नळी वर आणि कोणती खाली, मेकॅनिकला कळत नाही आणि तो फोन करतो.

इथवर सगळं सुरळीत आहे. काड्यापेटी, प्लेट, पाइप यांच्यावर संगणकाशी माझं काही भांडण नाही. भांडण सुरू होतं कास्टिंगपाशी.

ओतीव भागाला टोकदार कोपरा नसतोच. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात तेव्हा साच्याच्या वाळूचा टोकदार कोपरा ढासळतो, आणि भाग तयार झाल्यावर ताण नेमका आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात साठून तडा जातो. म्हणून डिझाइनवाले प्रत्येक कोपऱ्याला रेडियस देतात, त्याला फिलेट म्हणतात. कोल्हापूरच्या कुठल्याही फाउंड्रीतून आलेलं हाउसिंग (मशीनचं बाहेरचं कवच) हातात घ्या, बोट कुठे अडकणार नाही. आता सांगा, या वस्तूला कड कुठे आहे?

कॅडच्या दृष्टीने उत्तर असं: सपाट भाग संपून गोलाई सुरू होते ती एक कड, गोलाई संपून दुसरा सपाट भाग सुरू होतो ती दुसरी. यांना टँजंट एज म्हणतात. त्या दाखवायच्या, तुटक दाखवायच्या की लपवायच्या, असे पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असतात. दाखवल्या तर प्रत्येक कोपऱ्याला दोन-दोन समांतर रेघा येतात. रिब (आधाराची पट्टी), बॉस (भोकाभोवतीचा गोल उंचवटा), फ्लँज (जोडायची पसरट कड) असलेल्या हाउसिंगचं चित्र रेघांच्या गुंत्यात बुडतं. लपवल्या तर बाहेरची एक आकृती उरते आणि आत सगळा पांढरा बटाटा, त्यावर बोल्टची भोकं. तुटक हा पर्याय कोणासाठी आहे मला माहीत नाही. दोन्हीकडचे तोटे त्यात एकत्र नांदतात.

हाताने काढणारा माणूस तिसरंच करतो. फिलेट नसता तर कोपरा जिथे आला असता साधारण तिथे तो एकच रेघ ओढतो, सगळ्यात बारीक पेनने, आणि ती दोन्ही टोकांना दुसऱ्या रेघांना भिडायच्या जरा आधीच सोडून देतो. त्या सोडलेल्या टोकामुळे डोळ्याला कळतं की इथे धार नाही, गोलाई आहे. जी रेघ वस्तूवर कुठेच नाही, मॉडेलमध्ये नाही आणि बघणाऱ्याच्या कडेवरही नाही, ती रेघ सगळ्यात जास्त काम करते.

हा प्रश्न फक्त पार्ट्स कॅटलॉगवाल्यांनाच पडलाय असा माझा समज होता. तसं नाही. २००३ साली डीकार्लो, फिंकेलस्टाइन, रुसिंकीविच आणि सँटेला या चौघा संशोधकांनी सूचक बाह्यरेषांची कल्पना मांडली. आत्ता बाह्यरेषा नाही, पण डोकं थोडं बाजूला नेलं तर जिथे ती उगवेल, तिथे आत्ताच रेघ ओढायची. चेहऱ्यावर, कापडाच्या चुण्यांवर याचा परिणाम फार सुंदर दिसतो. नाकपुडीशेजारची वळी बरोबर उमटते. पण नुसत्या फुगीर भागावर या रेषा येत नाहीत. कोपरे गोल केलेला ठोकळा दिला की आत कोरा. म्हणजे आमचंच हाउसिंग! २००७ साली एमआयटीच्या जड, ड्युरँड आणि एडलसन यांनी दुसरी व्याख्या आणली: या जागेवरून पाहताना पृष्ठभागाची दिशा जिथे सगळ्यात झपाट्याने वळते तिथे रेघ. यात गोल ठोकळ्याच्या कडा येतात, आणि बऱ्याच अंशी एकेकच येतात. त्यांची आकृती पाहून मी बसल्या जागी मान डोलावली होती.

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनी एक सरळ काम केलं: चित्रकारांनाच विचारलं. २९ जणांना १२ आकार दिले. आधी कोऱ्या कागदावर हाताने काढा, मग त्याच रेषा मॉडेलच्या फिकट चित्रावर उतरवा, म्हणजे कोणाची रेघ नक्की कुठे पडली ते मोजता येईल. आकारांत मांडीचं हाड होतं, दाढ होती, कापड होतं. आणि स्क्रूड्रायव्हर, फ्लँज आणि रॉकर आर्मही होता. रॉकर आर्म! इंजिनाच्या डोक्यातला तो वाकडा पार्ट मी स्वतः किती वेळा काढलाय, आणि तो अख्खा फिलेटचा बनलेला असतो. निकाल असा निघाला की ७५ टक्के रेषा दुसऱ्या कुणाच्या तरी रेषेपासून १ मिलिमीटरच्या आत होत्या, विशेषतः बाह्यरेषांवर. उरलेल्यांपैकीही बहुतेक रेषा संगणकाच्या या ना त्या व्याख्येत बसल्या. १४ टक्के कशातच नीट बसल्या नाहीत.

मला विचाराल तर ७५ चा आकडा जास्त मोठी बातमी आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राच्या पेपरला अख्खा वर्ग एकच तांब्या बघून पन्नास तऱ्हेचे तांबे काढायचा, ते आठवून मला वाटायचं की रेघ ही ज्याची त्याची. ती तशी नाही. हात कच्चा-पक्का असतो, पण रेघ कुठे पडायला हवी यावर शिकलेली माणसं एकमेकांना न विचारता सहमत असतात. १४ टक्क्यांचं म्हणाल तर माझा अंदाज आहे की त्यातल्या बऱ्याच रेषा वस्तूच्या ओळखीतून येतात. रॉकर आर्मचं तोंड कुठे घासतं हे ज्याला माहीत आहे तो तिथे एक रेघ जास्त देतो. त्रिकोणांना ते कसं कळणार?

त्या तांब्याचंच बघा. डच शास्त्रज्ञ केंडरिंक यांनी १९८४ साली सिद्ध करून दाखवलं की बाह्यरेषेच्या नुसत्या वळणावरून आतला पृष्ठभाग ओळखता येतो. तांब्याच्या पोटापाशी रेघ बाहेर फुगते. तिथे पृष्ठभाग सगळ्या बाजूंनी फुगीर असलाच पाहिजे. गळ्यापाशी रेघ आत वळते. तिथे पृष्ठभाग एका दिशेने फुगीर आणि दुसऱ्या दिशेने खोल असणार, घोड्याच्या खोगिरासारखा. तिसरी शक्यता नाही. आत एकही रेघ न ओढता, सावलीचा ठिपका न देता, पोट आणि गळा दोन्ही कळतात, आणि हे बघणाऱ्याने तांब्या पूर्वी पाहिलेला असण्याशी त्याचा काही संबंध नाही. आमचे ड्रॉइंगचे सर "आधी आउटलाइन पक्की करा" म्हणून ओरडायचे, ते उगाच नव्हतं.

रेघेचं चित्र मुळात डोळ्याला पटतंच का, यावर संशोधक आरन हर्ट्झमन यांचं २०२० मधलं म्हणणं मला सगळ्यात पटलेलं आहे. ते असं की रेषाचित्र ही काही शिकून घ्यायची लिपी नाही. डोळा त्याच्याकडे एका खास उजेडातल्या खऱ्या वस्तूसारखंच बघतो. करून बघण्यासारखं आहे. गणपतीच्या आधी पेणच्या कारखान्यातून रंग न दिलेली पांढरी मूर्ती मिळाली तर आणा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा फ्लॅश डोळ्याला अगदी चिकटवून धरा आणि मूर्तीकडे बघा. समोरचं पोट, गाल, सोंडेचा मधला पट्टा लख्ख. पण सोंड जिथे पलीकडे वळते तिथे दोन्ही बाजूंना काळसर कड येते, कारण तिथे पृष्ठभाग आपल्याला तिरका होत जातो आणि उजेड घसरतो. पोट आणि मांडीच्या मधल्या खाचेत एक गडद रेघ. कानाच्या चुणीत एक. त्या गडद भागांवरून पेन फिरवलं की झालं चित्र. मी हा प्रयोग घरी केला तेव्हा सासूबाईंनी दार उघडून "काय चाललंय अंधारात?" असं विचारलं, आणि मग त्याही फ्लॅश घेऊन बघत बसल्या.

आता कामाचं. आमच्याकडे एक नवी मुलगी आली आहे, इंजिनीअर, ब्लेंडर नावाचं त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर चालवते. ब्लेंडरमध्ये २०१३ पासून फ्रीस्टाइल म्हणून रेषा काढायची सोय आहे आणि २०२१ पासून लाइन आर्ट म्हणून दुसरी. फ्रीस्टाइलमध्ये दोन त्रिकोणांमधला कोन किती असला की त्याला कड म्हणायचं तो आकडा आपण द्यायचा. न दिल्यास ते १३४.४३ अंश धरतं. हे दशांशातलं ४३ कुठून आलं असेल याचा मी अधूनमधून विचार करते.

कॅडची फाइल त्रिकोणांत उतरवली की आणखी एक त्रास सुरू होतो. गोल गुळगुळीत भागावर धन-ऋण त्रिकोणांची सीमा सरळ जात नाही, ती नागमोडी आणि तुटक जाते. लांबून कळत नाही, पण तिच्यावर ०.७ ची जाडी दिली की रेघेला केस फुटल्यासारखं दिसतं. हर्ट्झमन आणि झोरिन यांनी २००० साली यावर तोड काढली: कडांवरूनच चालायचा हट्ट सोडा, त्रिकोणाच्या पोटातून जिथे उत्तर बरोबर शून्य येतं तिथून रेघ न्या. रेघ गुळगुळीत होते. पण मग ती त्रिकोणांच्या खऱ्या सीमेवर नसल्याने मध्येच स्वतःच्याच पृष्ठभागामागे गेली असं संगणकाला वाटतं आणि तिथे तुटते. यावर लोक अजून काम करतायत. गेमवाले या भानगडीत पडत नाहीत. ते मॉडेलची किंचित फुगवलेली, आतबाहेर उलटी केलेली काळी प्रत मागे ठेवतात, तिची जी किनार डोकावते तीच बाह्यरेषा. वेगाला उत्तम. आतल्या फिलेटसाठी उपयोग शून्य.

या मुलीने महिनाभर डोकं घालून फिलेटसाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. एकाच गोलाईच्या दोन्ही टँजंट एज शोधायच्या, दोन्हींच्या मधोमध एक रेघ टाकायची, टोकं थोडी कापायची. रिबवर ही फार छान चालते, मी उगाच नावं ठेवणार नाही. तीन फिलेट एका कोपऱ्यात मिळतात तिथे मात्र तीन रेघा एकमेकींना चुकवून भलतीकडे जातात. ते आम्ही हातानेच करतो.

मग तिने विचारलं, "ताई, किती रेडियसच्या खालचे फिलेट सोडून द्यायचे? आकडा सांगा."

"असा आकडा नसतो गं. चित्र बघायचं."

"बघून तुम्ही कशावरून ठरवता पण?"

विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी छापल्यावर काय होईल त्यावरून ठरवते. ३ मिलिमीटरचा फिलेट १:५ प्रमाणात कागदावर जेमतेम ०.६ होतो. त्यात ०.२५ च्या दोन रेघा घातल्या की मधली फट झेरॉक्समध्ये भरून जाते आणि तिथे एक जाड काळी रेघ तयार होते, म्हणजे मेकॅनिकला वाटतं ही बाहेरची कड. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आकडा आहे की! फक्त तो मशीनच्या मापात नाही, कागदाच्या मापात आहे." आणि दुपारपर्यंत स्क्रिप्टमध्ये पानाचं माप विचारणारी एक चौकट आली.

आता आमचं एकाच जागेवरून अडलंय. ऑइल काढायच्या प्लगभोवती जो बॉस असतो, त्याच्या मुळाशी चांगला मोठा, १२ मिलिमीटरचा फिलेट आहे. स्क्रिप्ट तिथे नियमाप्रमाणे एक गोल रेघ देते. माझं म्हणणं, ती काढून टाक. तिथे प्लग, वॉशर आणि नंबरची रेघ अशी आधीच गर्दी आहे, आणि मेकॅनिकला बॉसच्या मुळाशी काही कामही नाही. तिचं म्हणणं, एका ठिकाणी काढली तर बाकीच्या बॉसना का ठेवली, याला काय उत्तर द्यायचं. मी काल पुसली, आज सकाळी ती परत आलेली होती. फाइल शुक्रवारी द्यायची आहे.